रेंज फुल, तरी नेट ठप्प: टॉवरवरची गर्दी कुठे होते आणि ती आवरायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडमध्ये सोसायटीच्या समोरच टॉवर आहे. अकराव्या मजल्यावर फोनला रेंज फुल, वर ५जी लिहिलेलं. तरी रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकतो, यूपीआयचं चक्र फिरत राहतं. कॉल मात्र नीट लागतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर तर साधा मेसेजही जात नव्हता. कस्टमर केअरवाले म्हणतात, तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे. मग अडचण नक्की कुठे आहे, कंपन्या ही गर्दी आवरायला काय करतात, आणि आम्ही काय करू शकतो?

उत्तर:

तुम्ही एका दमात तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. रात्री नऊनंतरचं अडकणं, अकराव्या मजल्यावरची रेंज आणि विसर्जनाची गर्दी. तिन्हींचं लक्षण एकच दिसतं, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पुण्यातल्या टॉवरचे आकडे रोज बघणं, अँटेनाची दिशा आणि झुकाव बदलणं, पॅरामीटर जुळवणं हे माझं काम आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: वायरलेस नेटवर्कमध्ये आधी संपतो तो टॉवरचा वेळ, आणि तो सगळ्यात जास्त खातात खराब सिग्नलवर चालणारे फोन. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी काड्यांबद्दल. टॉवर सतत एक ठरावीक संदर्भ सिग्नल पाठवत असतो आणि फोन त्याची ताकद मोजतो. तिला आरएसआरपी म्हणतात. ती उणे ८० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक) आसपास असली की काड्या पूर्ण दिसतात, उणे ११० च्या खाली गेली की जेमतेम एखादी उरते. त्या क्षणी त्या टॉवरवर दहा फोन डेटा ओढताहेत की तीनशे, हे काड्यांवरून अजिबात कळत नाही. शिवाय काड्या एकाच दिशेचं सांगतात. टॉवरचा एक कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा, साधारण ४० वॅटने बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. टॉवरचं तुम्हाला स्पष्ट ऐकू येतंय म्हणून तुमचं टॉवरला ऐकू जाईलच असं नाही.

कस्टमर केअरवाल्यांच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा कव्हरेजचा नकाशा असतो आणि टॉवर चालू आहे की बंद, एवढं दिसतं. त्यांच्यापुरतं ते खरंच सांगतात. पण कव्हरेज असणं वेगळं आणि क्षमता शिल्लक असणं वेगळं.

आता ही क्षमता म्हणजे काय ते बघू. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या कॅरियरमध्ये १०० रिसोर्स ब्लॉक असतात, प्रत्येक १८० किलोहर्ट्झ रुंद. दर एक मिलिसेकंदाला बेस स्टेशनमधला, म्हणजे टॉवरच्या यंत्रणेतला, शेड्युलर ठरवतो की यातले किती ब्लॉक कोणाला द्यायचे. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झचा कॅरियर असेल तर २७३ ब्लॉक मिळतात, तेही दुप्पट रुंद, आणि निर्णय दर अर्ध्या मिलिसेकंदाला होतो. याच्या वर काही नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे वापरायच्या फ्रिक्वेन्सी, लिलावात सर्कलप्रमाणे (परवान्याच्या विभागाप्रमाणे) मिळतो. २०२२ च्या लिलावात देशभरात मिळून १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली लागल्या, त्यात पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. लक्ष्मी रोडला गर्दी झाली म्हणून तेवढ्या रस्त्यापुरता स्पेक्ट्रम वाढवून मिळत नाही. आहे तोच पुन्हा पुन्हा, लहान लहान भागांत वापरायचा.

या ब्लॉकमध्ये डेटा किती मावतो हे मात्र ठरलेलं नसतं, आणि सगळी मेख इथेच आहे. फोन टॉवरला सतत कळवत असतो की माझ्याकडे सिग्नल किती स्वच्छ पोहोचतोय. ४जीमध्ये ही प्रत १ ते १५ अशा अंकात सांगतात, तिला सीक्यूआय म्हणतात. सीक्यूआय १५ असेल तर एका चिन्हात, म्हणजे ब्लॉकच्या सर्वात छोट्या तुकड्यात, सुमारे ५.५५ बिट बसवता येतात. सीक्यूआय ३ असेल तर अवघे ०.३८. म्हणजे तोच व्हिडिओ, तेवढाच लांब, तेवढ्याच दर्जाचा, पण खराब सिग्नलवर बघितला तर टॉवरचे जवळपास पंधरापट ब्लॉक खर्च होतात. पंगतीत वाढपी एकच असावा आणि एकाच पाहुण्याचं पान पार गल्लीच्या टोकाला मांडलेलं असावं, तसं हे आहे: अन्न भरपूर शिल्लक असतं, पण वाढप्याचा वेळ त्या एका पानापर्यंत जाण्यायेण्यातच जातो आणि बाकीची पंगत ताटकळत बसते.

मग शेड्युलरने काय करावं? ज्यांचा सिग्नल उत्तम त्यांनाच दिलं तर टॉवरचा एकूण आकडा झकास दिसेल, पण तळघरातला माणूस कायमचा उपाशी राहील. सगळ्यांना सारखा वेग द्यायचा म्हटलं तर सगळेच सर्वात कमकुवत माणसाच्या वेगावर येतील. म्हणून बहुतेक ठिकाणी मधला मार्ग असतो, ज्याला प्रपोर्शनल फेअर म्हणतात. प्रत्येक फोनला या क्षणी किती वेग देता येईल आणि गेल्या काही क्षणांत त्याला सरासरी किती मिळालाय, यांचं गुणोत्तर काढायचं आणि ज्याचं जास्त त्याला ब्लॉक द्यायचे. सिग्नल क्षणाक्षणाला वरखाली होत असतो, त्यामुळे प्रत्येकाला त्याच्या त्याच्या चांगल्या क्षणी वाढलं जातं. मला ही कल्पना आजही मनापासून आवडते, इतकं थोडक्यात ती न्याय आणि काटकसर दोन्ही साधते.

आता या सगळ्याचा तुमच्या अकराव्या मजल्याशी काय संबंध? पुणं बशीसारखं बसलेलं शहर. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई, मध्ये उंचसखल वस्ती. तुम्ही वर राहता म्हणजे तुमच्या खिडकीतून एक टॉवर दिसत नाही, दहा-बारा दिसतात. फोनलाही ते सगळे ऐकू येतात, आणि ते सगळे त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात. ताकद भरपूर, पण गोंगाटही तितकाच. गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, याला एसआयएनआर म्हणतात. आरएसआरपी उणे ७५ आणि एसआयएनआर जेमतेम २, असं चित्र उंच इमारतींत मी नेहमी बघतो. काड्या पूर्ण, सीक्यूआय तीन-चार. समोरच टॉवर आहे म्हणताय, तर तिथे दिव्याखाली अंधार असण्याचीही शक्यता आहे. अँटेनाचा मुख्य झोत खाली रस्त्याकडे झुकवलेला असतो. तुम्ही त्याच्या वर असाल तर तुमच्या वाट्याला झोताची कड येते आणि लांबच्या टॉवरचा मुख्य झोत सरळ तुमच्या खिडकीत येतो. फोन कधी याला धरतो, कधी त्याला, आणि त्या उड्यांमध्येही वेळ जातो.

म्हणूनच "आणखी एक टॉवर लावा" ही मागणी ऐकली की मी आधी विचारतो, आहे त्या अँटेनांचा झुकाव बघितलाय का? जमिनीपासून ३० मीटरवर अँटेना असेल आणि झुकाव ३ अंश, तर झोताचा मध्य सुमारे ५७० मीटरवर जमिनीला टेकतो. ६ अंश केला तर २८५ मीटरवर, १० अंश केला तर १७० मीटरवर. दाट वस्तीत तीन अंशांवर ठेवलेला अँटेना शेजारच्या दोन-तीन टॉवरच्या अंगणात जाऊन पडतो. तिथले लोक याला धरतात, खराब सिग्नलवर याचे ब्लॉक खातात, आणि वर त्यांच्या जवळच्या टॉवरलाही हा गोंगाट वाटतो. हल्ली झुकाव बदलायला माणूस वर चढवावा लागत नाही, कंट्रोल रूममधून मोटरने होतो. कर्वे रोडच्या आजूबाजूचा एक सेक्टर, म्हणजे टॉवरचा एका दिशेला बघणारा भाग, रोज रात्री तुडुंब भरायचा. नकाशावर ठिपके टाकल्यावर दिसलं की त्याचे बरेच ग्राहक टेकडीच्या उतारावरच्या इमारतींत आहेत, ज्यांच्या उशालाच दुसरा सेक्टर अर्धा रिकामा आहे. पहिल्याला खाली झुकवलं, दुसऱ्याचं तोंड थोडं फिरवलं. कॅरियर तेवढेच, टॉवर तेवढेच, आणि रात्रीची तक्रार गेली. तिथे नवा टॉवर ठोकला असता तर दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत झाली असती, कारण गोंगाट आणखी वाढला असता.

आता रात्री नऊचं. जेवणं झाली, टीव्हीसमोर, बिछान्यात, प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ. पूर्वीच्या जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झच्या कॅरियरवर आठ टाइमस्लॉट असायचे. ते भरले की पुढच्याला सरळ "नेटवर्क बिझी" ऐकू यायचं. किती चॅनेल ठेवले म्हणजे किती टक्के लोकांना नकार मिळेल, हे डेन्मार्कच्या एरलांग यांनी १९१७ साली मांडलेल्या सूत्रावरून काढता यायचं. डेटामध्ये तसा नकार मिळत नाही. प्रत्येक नवा माणूस आत येतो आणि सगळ्यांचा वाटा थोडा थोडा घटतो. गर्दी झालीय हे कोणी सांगत नाही, नुसतं सगळं जड होत जातं. त्यामुळे ती ओळखायलाही उशीर होतो.

आणि ती हळूहळू वाढत नाही. रांगेच्या साध्या गणितात वापर ५० टक्के असताना सरासरी थांबावं लागतं ते एका कामाला लागणाऱ्या वेळेइतकं. ८० टक्क्यांवर चारपट, ९० वर नऊपट, ९५ वर एकोणीसपट. म्हणून आम्ही १०० टक्के भरण्याची वाट बघत नाही. गर्दीच्या तासात ब्लॉकचा वापर ७०-८० टक्क्यांवर रोज जाऊ लागला की तो सेक्टर यादीत येतो. पावणेनऊला सगळं ठीक आणि नऊला ठप्प, असं तुम्हाला वाटतं ते अगदी बरोबर आहे. शेवटचे थोडेसेच लोक आले, पण ते वळणावर आले.

यूपीआयचं दुखणं मात्र आणखी एका ठिकाणी आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बेस स्टेशनमध्ये प्रत्येक फोनसाठी वेगळी रांग असते, म्हणजे बफर. तुमच्या वाट्याला रात्री समजा २ मेगाबिटचा वेग येतोय, आणि तुमच्याच फोनवर मागे कुठलं तरी ॲप अपडेट होतंय किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधले व्हिडिओ आपोआप उतरताहेत. त्यांनी रांगेत १ मेगाबाइट भरून ठेवला. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट, दोनच्या वेगाने तो संपायला चार सेकंद. यूपीआयच्या उत्तराचं पाकीट (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा) काही किलोबाइटचं, पण ते या चार सेकंदांच्या मागे उभं राहतं. असं दोन-तीनदा जाणं-येणं झालं की ॲपचा धीर सुटतो आणि व्यवहार लटकतो. तुम्ही शेजाऱ्यांना दोष देता, पण तुमची वाट तुमच्याच फोनने अडवलेली असते.

हा बफर इतका मोठा का ठेवतात? कारण इंटरनेटचा मूळ गर्दी-नियम. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटवर कोसळला. सगळी यंत्रं हरवलेली पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवून रस्ता आणखी तुंबवत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: पाकीट हरवलं की गर्दी आहे असं समजा आणि वेग आवरा. त्या नियमावर इंटरनेट आजवर तगून आहे. पण हवेत पाकीट गर्दीमुळेच हरवतं असं नाही, एखादी बस आडवी गेली तरी हरवतं. मग सर्व्हर उगाच वेग कमी करेल. म्हणून टॉवर हरवलेला तुकडा स्वतःच काही मिलिसेकंदांत पुन्हा पाठवतो आणि भलामोठा बफर ठेवतो, म्हणजे सर्व्हरला नुकसान दिसतच नाही. नुकसान दिसत नाही म्हणून सर्व्हर वेग वाढवत राहतो, आणि रांग फुगत जाते. पाकीट हरवत नाही, पण चार सेकंद उशिरा येतं. माझ्या मते आजच्या मोबाइल नेटवर्कमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही आहे. जाहिराती सर्वोच्च वेगाच्या होतात, माणसाला त्रास होतो तो उशिराचा.

याच्यावर औषधं आहेत. कोडेल नावाची पद्धत कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनीच २०१२ मध्ये मांडली: रांग किती लांब आहे ते बघू नका, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघा, आणि तो वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर रेंगाळायला लागला की एखादं पाकीट मुद्दाम टाकून सर्व्हरला इशारा द्या. गूगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर पद्धत पाकीट हरवण्याची वाटच बघत नाही, रस्त्याचा खरा वेग आणि उशीर मोजून त्याप्रमाणे पाठवते. २०२३ मध्ये एल४एस नावाची योजना कागदावर पक्की झाली, ज्यात पाकीट टाकण्याऐवजी त्याच्यावर "गर्दी होतेय" अशी खूण करतात. बेस स्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्येही रांग आखूड ठेवणारी सोय मिळते. ती चालू केली की कमाल वेगाचा आकडा थोडा उतरू शकतो, आणि त्या आकड्यावरच सगळे कंपनीला जोखतात. मी प्रत्येक वेळी आखूड रांगेच्या बाजूने बोलतो.

कॉल का लागतो, तर त्याची रांगच वेगळी. व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून जाणाऱ्या, कॉलला टॉवरमध्ये ठरावीक वेगाची हमी आणि वरचं प्राधान्य असतं. आवाजाचं एक पाकीट दर २० मिलिसेकंदांनी जातं, एकूण गरज २०-२५ किलोबिटची, एका व्हिडिओच्या तुलनेत नगण्य. शेड्युलर ते आधी काढून देतो आणि उरलेले ब्लॉक बाकीच्यांना वाटतो.

आणि वर लिहिलेलं ५जी? ज्या नेटवर्कमध्ये ५जी हे ४जीच्या आधाराने चालतं, तिथे फोन ४जीच्या टॉवरवर असताना "इथे ५जीची सोय आहे" एवढ्या सूचनेवरही ते चिन्ह दाखवतो. डेटा त्या क्षणी ४जीवरूनच येत असू शकतो. शिवाय ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून आणि आयटी पार्कच्या लेपवाल्या काचांमधून आत शिरताना बऱ्याच गळतात. खिडकीपाशी ५जी आणि आतल्या खोलीत ४जी हे अगदी नेहमीचं आहे.

संध्याकाळची गर्दी आवरायला कंपन्या काय करतात, याचं थोडक्यात उत्तर: ओझं वाटून देतात. एकाच टॉवरवर ८५०, १८००, २३०० मेगाहर्ट्झ असे वेगवेगळे बँड असतात. खालचे बँड घरात खोल शिरतात म्हणून सगळे फोन त्यांनाच चिकटतात आणि वरचे मोकळे राहतात. मग ज्यांचा सिग्नल चांगला आहे त्यांना वरच्या बँडवर ढकलायचं, म्हणजे खालचा बँड तळघरवाल्यांना मोकळा होतो. ढकलण्याचा उंबरठा फार सैल ठेवला तर फोन दोन बँडांमध्ये टेनिसच्या चेंडूगत फिरतात, फार कडक ठेवला तर कोणी हलतच नाही. हे जुळवण्यात आमचा पुष्कळ वेळ जातो. त्याहून जास्त गर्दी असेल तर सेक्टरचे दोन भाग करतात, किंवा ६४ ट्रान्समीटरचे मॅसिव्ह मायमो अँटेना लावतात, जे एकाच ब्लॉकमध्ये वेगवेगळ्या दिशांच्या फोनांना वेगवेगळा डेटा देतात. रस्त्याच्या खांबावर लहान सेल, म्हणजे छोटेखानी टॉवर, हा दाट पेठांसाठी खरा उपाय आहे, पण त्यासाठी खांब, वीज, परवानगी आणि फायबर चारही लागतं.

फायबरवरून आठवलं. कधी कधी हवेतले ब्लॉक रिकामे असतात आणि तरी वेग मिळत नाही. तेव्हा पाणी टॉवरच्या मागे, म्हणजे त्याला इंटरनेटशी जोडणाऱ्या केबलमध्ये, मुरत असतं. पुण्यात खोदाई काही नवी नाही. केबल तुटली की टॉवर तात्पुरता मायक्रोवेव्हच्या जोडणीवर जातो आणि सगळे बँड एका अरुंद बोळातून निघतात. ग्राहकाला हवेतली गर्दी आणि ही गर्दी सारखीच दिसते.

सर्वात स्वस्त उपाय मात्र उगमापाशी असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भारतातल्या मोठ्या व्हिडिओ सेवांनी मोबाइल नेटवर्कवर दर्जा ४८० पीच्या वर न नेण्याचं मान्य केलं होतं. हातातल्या पडद्यावर तो फरक बहुतेकांना जाणवत नाही, टॉवरला मात्र प्रचंड जाणवतो. हे सगळ्या सेवांनी मिळून केलं म्हणून चाललं. एखाद्या कंपनीने आपल्या मर्जीने एकाच ॲपचा गळा आवळायचा ठरवलं तर ते नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या ॲपना सारखं वागवण्याच्या, सरकारने २०१८ मध्ये मान्य केलेल्या तत्त्वांच्या विरुद्ध जाईल. गर्दीचं व्यवस्थापन करायला मुभा आहे, पण ते प्रमाणात, तात्पुरतं आणि उघड असलं पाहिजे. ही अट मला योग्य वाटते.

आता विसर्जन. महात्मा फुले मंडईपासून मानाचे गणपती निघतात, लक्ष्मी रोडने अलका टॉकीजच्या चौकाकडे सरकतात, आणि पुढे चोवीस तासांहून जास्त वेळ तो रस्ता माणसांनी भरलेला असतो. इथली गर्दी रात्री नऊच्या गर्दीच्या उलट असते. रात्री सगळे खाली ओढतात, विसर्जनात सगळे वर पाठवतात. ढोलपथक आलं की हजारो हात वर, प्रत्येक जण लाइव्ह जातोय किंवा व्हिडिओ पाठवतोय. ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेळेनुसार, आळीपाळीने वाटलेला असतो आणि त्यात खाली येणाऱ्या डेटाला बहुतांश हिस्सा असतो, वर जाणाऱ्याला थोडाच. तो हिस्सा प्रत्येक टॉवरवर वेगळा ठेवता येत नाही, शेजाऱ्यांशी ताळमेळ लागतो, नाहीतर एक टॉवर बोलत असताना दुसरा ऐकायला बसेल. त्यात भर म्हणून ०.२ वॅटचे हजारो फोन एकदम पूर्ण ताकदीने ओरडतात, टॉवरच्या कानाशी गोंगाट वाढतो, मग प्रत्येक फोन आणखी जोर लावतो. तुमच्या काड्या मात्र पूर्णच असतात, कारण टॉवरचं तुम्हाला छान ऐकू येतंय.

मेसेजही जात नाही याचं कारण त्याहून आधीच्या पायरीवर आहे. स्वस्थ पडलेल्या फोनला काहीही पाठवायचं असेल तर आधी टॉवरचं दार वाजवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक संधीला ६४ खुणा ठरलेल्या असतात, त्यातली एक फोन आपली आपण निवडतो. दोघांनी एकच निवडली तर दोघांचंही फुकट जातं, थोडं थांबून पुन्हा वाजवायचं. गर्दीत पुन्हा वाजवणाऱ्यांचीच गर्दी होते. लहानसा मेसेज असो की मोठा व्हिडिओ, दार तेच. म्हणून विसर्जनाआधी आम्ही दार वाजवण्याच्या संधी वाढवतो, रिकाम्या बसलेल्या फोनला किती सेकंदांनी बाहेर काढायचं तो वेळ बदलतो, मार्गावर चाकांवरचे टॉवर आणून उभे करतो, अँटेना खूप खाली झुकवून प्रत्येकाला आपापल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये कोंडतो. गल्लीबोळांत आणि दुतर्फा इमारती असलेल्या रस्त्यावर हे कोंडणं चांगलं जमतं, मोकळ्या मैदानावर जमत नाही.

तेही पुरलं नाही तर टॉवर सगळ्यांना एक आकडा जाहीर करतो. प्रत्येक फोनने शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा काढायचा, जाहीर आकड्यापेक्षा लहान निघाला तरच दार वाजवायचं, नाहीतर ४ सेकंदांपासून ५१२ सेकंदांपर्यंत ठरवून दिलेल्या काळापुरतं गप्प बसायचं. पोलिसांसारख्या सेवांच्या सिमला यातून वेगळी वाट असते, आणि ११२ वरच्या कॉलची परवानगी वेगळी ठरते. तुमचा मेसेज अडकला होता तेव्हा हेच घडत असण्याची शक्यता बरीच आहे. चेंगराचेंगरीच्या प्रसंगी मदतीचा एक कॉल जाणं हजार व्हिडिओंपेक्षा मोलाचं आहे, म्हणून मी या उपायाच्या ठाम बाजूने आहे.

पालखीचं गणित पुन्हा निराळं. भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्काम असतो तोवर गर्दी एका जागी, मुक्काम हलला की तीच गर्दी हडपसरकडे, आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीसोबत पुढे दिवे घाटाकडे चालत निघते. तिथे क्षमता कमी आणि हजारो फोन एकाच वेळी एका सेलमधून दुसऱ्यात जाणारे. चाकांवरचा टॉवर पालखीच्या पुढे एक मुक्काम ठेवावा लागतो.

तुम्ही काय करू शकता? घरात स्थिर बसून चालणारं सगळं, म्हणजे टीव्ही, लॅपटॉप, मुलांचे क्लास, हे फायबरच्या वायफायवर न्या. टॉवरवरून येणारं घरगुती नेट, ज्याला एअरफायबर वगैरे नावं आहेत, ते फायबर न पोहोचलेल्या जागी उत्तम आहे. कोथरूडसारख्या ठिकाणी, जिथे दारापर्यंत केबल येऊ शकते, तिथे ते घेऊ नका असंच मी सांगेन, कारण तो भार त्याच सेक्टरवर पडतो. वायफाय राउटर शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ वर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतले सगळे राउटर त्यातच भांडत असतात. वायफाय कॉलिंग चालू करा. फोनवरचे ॲप अपडेट, फोटो बॅकअप आणि व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड मोबाइल डेटासाठी बंद करा. नुसत्या या एका बदलाने रात्रीचं यूपीआय सुधारलेलं मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय.

सोसायटीत लहान सेल किंवा इमारतीच्या आतल्या अँटेनांचा प्रस्ताव आला तर रेडिएशनच्या भीतीने लगेच नाही म्हणू नका. भारताने सप्टेंबर २०१२ मध्ये टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली होती. आणि टॉवर जवळ असला की तुमच्या कानाशी असलेला फोन कमी ताकदीने बोलतो.

तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच लिहू नका. अँड्रॉइडवर सिग्नल दाखवणारं कुठलंही ॲप घ्या, आयफोनमध्ये फील्ड टेस्ट मोड असतो. त्याच खोलीत, त्याच जागी, पहाटे सहाला आणि रात्री साडेनऊला आरएसआरपी, आरएसआरक्यू (सिग्नलची प्रत), एसआयएनआर, सेलचा नंबर आणि बँड टिपून ठेवा. आरएसआरपी दोन्ही वेळा सारखी पण आरएसआरक्यू पहाटे उणे ७ च्या आसपास आणि रात्री उणे १२ च्या खाली, तर सेल भरलेला आहे. दोन्ही वेळा एसआयएनआर वाईट असेल तर तो गोंगाट आहे, झुकाव बदलावा लागेल. दोन्ही चांगले आणि तरी वेग नाही, तर फायबरकडे बघायला सांगा. मजला, खिडकी कोणत्या दिशेला आणि वेळ हेही लिहा. अशी तक्रार आमच्या टेबलावर आली की कुठल्या सेक्टरला हात घालायचा हे शोधण्यात दिवस जात नाहीत.